एबीएसचा दिवा का विझत नाही?

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यातील अनेक वस्त्यांत शिरले आणि दारात उभ्या मोटारी बुडाल्या. अशी मोटार सुकून पुन्हा धावू लागली, तरी तारांच्या जोडांत शिरलेली ओल महिनोन्महिने तांबे खात राहते. मग एखाद्या दिवशी डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागतो, गाडीच्या संगणकातील बिघाडाची नोंद वाचणारा स्कॅनर ‘पुढील डाव्या चाकाचा सेन्सर’ असा कोड दाखवतो, नवा सेन्सर बसतो आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

स्कॅनर दोषी भाग दाखवतो, हा समज इथे महाग पडतो. त्या चाकाच्या परिपथातून अपेक्षित संकेत आला नाही, एवढेच कोड सांगतो. सेन्सर, तार, कनेक्टर, चाकासोबत फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय कडी, यांपैकी बिघाड कशातही असू शकतो. आजच्या बहुतेक मोटारींतील सेन्सर सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर प्रवाह बदलून चाकाचा वेग कळवतो. ओल्या कनेक्टरमध्ये दोन पिनांमधून चार-पाच मिलिअँपिअर गळले, तरी सात आणि चौदा यांतील फरक ओळखणे कंट्रोल युनिटला, म्हणजे एबीएसच्या संगणकाला, अवघड होते. सेन्सर निर्दोष असूनही कोड त्याच्याच नावावर पडतो.

याहून फसवा दोष अर्थच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या, तारेत असतो, आणि तो शोधण्याची रीत मला विद्युतशास्त्रातील सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. एबीएसच्या पंपाची मोटर चालताना तीसेक अँपिअर प्रवाह ओढते. चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेल्या अर्थच्या बोल्टखाली गंजामुळे केवळ ०.१ ओहम रोध वाढला, तर ओहमच्या नियमानुसार ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि १२.६ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरपर्यंत ९.६ व्होल्टच पोहोचतात. साध्या मल्टीमीटरने रोध मोजल्यास हा दोष दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही जवळपास तेवढाच असतो आणि मीटर त्या जोडातून अगदी क्षीण प्रवाह सोडतो. चोंदलेल्या नळात तोटी बंद असताना दाब पूर्ण दिसतो आणि तोटी उघडताच धार बारीक होते, तसेच हे आहे. म्हणून स्कॅनरच्या आज्ञेने पंप क्षणभर चालवावा आणि त्याच वेळी मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे एबीएस युनिटच्या अर्थ पिनेला लावावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल, तर अर्थ ठीक आहे. तो एक-दोन व्होल्टवर गेला, तर एकेक जोड ओलांडत मोजत जावे. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा उडी घेतो, तिथेच दोष आहे.

पुरातून निघालेली गाडी लाभत नाही, असे म्हणून ती मिळेल त्या भावात विकणारे लोक आहेत, तसेच बॉनेटला लिंबू-मिरची बांधून निश्चिंत होणारेही आहेत. तांब्यावर हिरवा थर चढायला ओल, क्षार आणि विद्युतदाब पुरतात, आणि तो थर मोजून सापडतो. दिव्याचा बल्बच काढून टाकण्याचा उपाय तर धोक्याचा आहे. एबीएस बंद पडल्यावर साधे ब्रेक चालतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन स्टिअरिंगचा ताबा सुटू शकतो. पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी पुढे नेऊच नये.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडी चालवावी लागते, कारण चाके फिरून चारही संकेत जुळल्याखेरीज अनेक गाड्यांतील युनिट दिवा विझवत नाही.