मानेचा पट्टा: मऊ आणि कडक

शेजारच्या काकूंनी दादांच्या गळ्यातला पट्टा पाहिला आणि म्हणाल्या, "फार दिवस घालू देऊ नकोस गं त्यांना. मान कमकुवत होते. मला तर डॉक्टरांनी आठवड्यात काढायला लावला होता." काकू खरंच सांगत होत्या, पण त्यांचा पट्टा निराळा आणि दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निराळा. आपण दोन्हींना 'पट्टा' नाहीतर 'कॉलर' म्हणतो आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊन मोकळे होतो.

काकूंची कॉलर मऊ होती. कापडी खोळीत फोमची पट्टी आणि मागे वेल्क्रो. स्पॉन्डिलोसिसचं, म्हणजे मानेचे मणके झिजल्याचं, दुखणं उसळलं किंवा मानेला झटका बसला की ती देतात. मान हलायची ती फारशी थांबवत नाही. थोडी ऊब मिळते, थोडा आधार मिळतो आणि जपून वागायची आठवण राहते. दुखणं ओसरलं की ती काढायची, कारण डोकं रोज फोमवर टेकून राहिलं तर मानेचे स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात आणि कॉलरशिवाय बाहेर पडायचीच धास्ती वाटू लागते.

दादांची कडक होती, दुकानात 'फिलाडेल्फिया' म्हणून मिळते ती. पुढचा आणि मागचा असे दोन भाग, घट्ट फोमवर प्लास्टिकच्या पट्ट्या, हनुवटीला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला टेकू, पुढे श्वासनळीपाशी भोक. ते न्हाणीघरात घसरले आणि मानेच्या दुसऱ्या मणक्याचं दातासारखं वर आलेलं टोक मोडलं. म्हातारपणी साध्या पडण्यानंही हे होतं. मान डावी-उजवी वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण पहिल्या दोन मणक्यांमधल्या सांध्यात होतं, आणि ते टोक त्याच सांध्याची खुंटी आहे. म्हणून १२ आठवडे, रात्रंदिवस. काकूंचं ऐकून आम्ही ती मध्येच काढली असती, तर मणका सरकून मज्जारज्जूवर दाब यायची भीती होती.

पण 'काढायची नाही' याचा अर्थ आम्ही 'आत बघायचंही नाही' असा घेतला. तिथे चुकलो. दहाव्या दिवशी हनुवटीखाली ओलसर वास आला तेव्हा परिचारिकेला बोलावलं. कातडी सोलवटली होती.

कडक कॉलर जिथे हाडावर टेकते तिथे जखम होते: डोक्याची मागची बाजू, हनुवटी, जबड्याची कड, कानामागे, गळ्याखालची आडवी हाडं, छातीचा वरचा भाग. घाम आणि सांडलेला चहा आत मुरतो, त्यात मे महिना असेल तर विचारूच नका. बोटाने दाबल्यावरही लाली जात नसेल तर जखम सुरू झाली असं धरा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही पुष्कळदा. तिथे हात लावून बघायचं, आसपासच्यापेक्षा गरम, टणक किंवा जास्त काळपट लागतंय का.

परिचारिकेने शिकवलं ते असं: माणूस सपाट झोपलेला, एकाने दोन्ही हातांनी डोकं जराही न हलू देता धरायचं, दुसऱ्याने पुढचा भाग उघडून पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, बघायचं, बंद करायचं. दुसरं माणूस नसेल तर उघडायचीच नाही. मागचा भाग तर परिचारिकेने समोर करून दाखवल्याशिवाय नाहीच. पावडर, तेल, मलम आत नको. पुरुषांनी दाढी वाढू देऊ नये. बायकांनी मंगळसूत्र आणि कानातलं उतरवून ठेवावं, आणि अंबाडा घालू नये, त्याने मागचा भाग वर उचलला जातो. दया येऊन कॉलर ढिली करू नका. ढिली कॉलर सरकत राहते आणि जास्त घासते.

गिळणं हा दुसरा त्रास. हनुवटी खाली घेता येत नाही, गळाही मोकळा वर उचलला जात नाही, त्यामुळे ठसका लागतो आणि घास श्वासनळीत जाऊ शकतो. ताठ बसवून, लहान घास, सावकाश. पायाखालचं दिसत नाही, म्हणून जिन्यावर एक माणूस सोबत हवंच. डोक्यालाही मार असेल तर घट्ट कॉलरने मानेतल्या शिरा दाबून मेंदूतला दाब वाढू शकतो. तिथे डॉक्टर ती लवकर बदलायचं किंवा काढायचं बघतात. आणि वर्षानुवर्षं पाठीचा कणा आखडून मान पुढे वाकलेल्या माणसाला कॉलरने जबरदस्तीने सरळ करणं धोक्याचं असतं. हे अपघातानंतर घाईत घरच्यांनीच आठवणीने सांगावं.

हातापायाला नव्याने मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर कॉलर न काढता थेट दवाखान्यात.

बाराव्या आठवड्यानंतर सीटी स्कॅन बघून कॉलर उतरली. काकू म्हणाल्या ते तेव्हा खरं ठरलं: दादांची मान थरथरत होती, डोकं जड वाटत होतं. मग फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून आधी दिवसातून थोडा थोडा वेळ कॉलरशिवाय बसणं, आणि कपाळावर तळवा ठेवून मान न हलवता हलकेच दाबणं.