पार्श्वभूमी : गोदावरीवरचे पूल आणि त्यांची खालची बाजू

नाशिकमध्ये पूर मोजायला पट्टी लागत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागले, कमरेला आले, छातीला आले, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल माडीवर चढवायचा का ते ठरवतात. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पाणी गेले की घरातली म्हातारी माणसे १९६९ चा पूर काढतात. पाटबंधारे खात्याच्या पावसाळी आकड्यांतही गंगापूर धरणाच्या विसर्गाच्या जोडीने होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी गेले हे येते. इतक्या बारकाईने पाणी मोजणाऱ्या गावात, ते पाणी ज्या खांबांना धडकत जाते त्यांची प्रकृती कशी आहे, हे विचारायची सवय मात्र आपल्याला फारशी लागलेली नाही.

होळकर पूल म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. काळ्या पाषाणाच्या कमानी, चुन्याचे सांधे. कमानीचा गुण असा की वरचे ओझे तिचे दगड एकमेकांवर दाबत नेते, त्यामुळे लोखंडाची गरज पडत नाही आणि गंजण्यासारखे त्यात काही नसते. तिचा वैरी वेगळा. सांध्यातला चुना पाण्याने धुपतो, त्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते आणि दोन पावसाळ्यांत मूळ दगडाला ढकलू लागते. पुलाच्या भिंतीतून डोकावणारे पिंपळाचे कोवळे लालसर पान दिसायला देखणे असते. पण रोप हाताने उपटून निघेल इतके लहान असतानाच काढावे लागते. पुढे मूळ काढायचे तर दगडच काढावा लागतो.

मुंबई-आग्रा रस्ता गोदावरी ओलांडतो तिथे, द्वारका चौक आणि पंचवटीच्या मध्ये, कन्नमवार पूल आहे. ज्यांच्या नावाचा हा पूल, ते मारोतराव कन्नमवार राज्याचे दुसरे मुख्यमंत्री. चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा नोव्हेंबर १९६२ मध्ये कन्नमवारांनी सूत्रे हाती घेतली आणि वर्षभरानंतर, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. यशवंतराव लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले ते नाशिकमधूनच. आज पिंपळगाव बसवंतचा कांदा आणि टोमॅटो, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, धुळे-इंदूरकडून येणारा माल, सगळे याच वाटेने मुंबईकडे जाते.

या शहरात पूल वाढतात ते कुंभमेळ्याच्या हिशेबाने. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, साधुग्रामपासून घाटांपर्यंत गर्दी हलवायची असते, निधी येतो, नवे पूल होतात. २०१५ ला हेच पाहिले, २०२७ साठीही तेच चालले आहे. नवा पूल बांधायला माझा विरोध नाही, तो लागतोच. पण बांधकामाला मुहूर्त असतो, उद्घाटन असते, वेगळा निधी असतो. आणि मधली अकरा वर्षे जे करायचे, म्हणजे पुलावरचे पाणी बाहेर सोडणारी नळी मोकळी ठेवणे, खांबावर पूल ज्यावर टेकतो ते बेअरिंग बदलणे, पायाजवळचा खड्डा भरणे, त्याला पर्वणी नसते.

२ ऑगस्ट २०१६ ही तारीख नाशिककरांना दोन कारणांनी आठवायला हवी. त्या दिवशी गोदावरीला मोठा पूर होता, दुतोंड्या मारुती बुडाला होता आणि आम्ही सारे पाणी बघायला काठावर होतो. त्याच रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी बस आणि काही गाड्यांसह. शेजारचा नवा पूल तसाच उभा राहिला. जुन्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य असल्याचे सांगण्यात आले होते. नवा पूल १६५ दिवसांत उभा करून ५ जून २०१७ ला खुला झाला. त्या वेगाचे कौतुक झाले ते योग्यच. मला मात्र ती मे महिन्यातली तपासणी विसरता येत नाही.

कारण तपासणी कुठून केली यावर सारे अवलंबून आहे. वरून दिसतो तो डांबराचा थर आणि रंगवलेला कठडा. पूल बिघडतो तो खाली. पुरात पाणी खांबाला वळसा घालते तेव्हा पायाशी भोवरा तयार होतो आणि तो तळाची माती, वाळू खरवडून नेतो. पूर ऐन भरात असताना हा खड्डा सर्वांत खोल असतो. पाणी उतरताना त्यात गाळ बसतो आणि वरून सगळे सपाट दिसते. नाशिकमध्ये नदीचा तळ बराचसा खडकाळ आहे हे आपले भाग्य. खाली चांदोरी-सायखेड्याकडे गाळाचे पात्र आहे, तिथे असे भाग्य नाही.

काँक्रीटच्या पुलाचे नाजूक ठिकाण म्हणजे खांब आणि गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, यांच्यामधले बेअरिंग. काँक्रीट उन्हात वाढते, थंडीत आखडते. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, मे महिन्यात चाळिशी गाठतो. एवढ्या फरकाने ३० मीटरचा एक गाळा साधारण सव्वा सेंटिमीटर लांबतो. ही हालचाल मोकळी व्हावी म्हणून खाली बेअरिंग आणि वर दोन गाळ्यांमध्ये एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट. जॉइंटमध्ये माती अडकली किंवा त्यातून पाणी झिरपून बेअरिंग गंजले, की गाळा खांबालाच ढकलू लागतो. गुजरातेत महिसागर नदीवरचा १९८५ चा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला आणि वीसहून अधिक माणसे गेली. प्राथमिक चौकशीत बोट ठेवले गेले ते बेअरिंगखालचा आधार आणि सांधे यांच्यावरच. वाहन जाताना पूल थोडा हलतो, ते चांगलेच आहे. 'धाडकन' असा आवाज येतो आणि चाक आपटते, ते चांगले नाही.

आणि डांबर. खड्डे पडले की जुना थर न खरवडता वर नवा टाकायचा, ही सगळीकडची सवय. हिशेब करून पाहावा. १०० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद दुपदरी पूल घेतला तर पाच सेंटिमीटरच्या एका थराचे वजन साधारण ८६ टन भरते. तीन ॲक्सलचे तीन भरलेले ट्रक त्या पुलावर कायमचे उभे करून ठेवण्यासारखे हे आहे. त्यातच २०१८ मध्ये अशा ट्रकची वजनमर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. पूल जुनाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात शहराबाहेरच्या एका पुलाखाली उतरलो होतो. वर नुकतेच डांबरीकरण झाले होते, कठड्याला पिवळा-काळा रंग ओला होता. खाली, पाणी बाहेर पडायच्या नळ्या डांबराने बुजलेल्या. त्यामुळे साचलेले पाणी स्लॅबमधून पाझरून खालच्या अंगाला पांढरे ओघळ उठलेले, आणि एका जागी काँक्रीटची पापडी सुटून गंजलेली सळई बोटभर उघडी पडलेली. अर्ज दिला. उत्तर आले की हा पूल आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयानेही तेच कळवले.

हे उत्तर खोटे असेलच असे नाही, आणि गोम इथेच आहे. महामार्ग वळवला, रुंद केला किंवा वर उड्डाणपूल झाला, की जुना पूल सार्वजनिक बांधकाम, महामार्ग प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात हात बदलतो. फाईल नेहमीच सोबत जात नाही. जुन्या पुलांचे पायाचे नकाशे अनेकदा सापडत नाहीत आणि पाया किती खोल आहे हे शोधून काढण्यापासून सुरुवात करावी लागते. केंद्राने ऑक्टोबर २०१६ मध्ये देशभरच्या दीड लाखांवर पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली, प्रत्येक पुलाला क्रमांक दिला. सावित्रीनंतर राज्यात पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून चार जण गेले, तेव्हा पुन्हा निघाले.

नियमाप्रमाणे पुलाची तपासणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा व्हायची असते. नंतरची जास्त मोलाची, कारण पुराने काय नेले ते तेव्हाच कळते. पूररेषा आपण आखून घेतल्या आहेत, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतल्या पुराची लाल, आणि त्यांवरून बांधकामाच्या परवानग्या अडतात. तसाच एक फलक प्रत्येक पुलाच्या तोंडाशी असावा : पूल कोणाच्या ताब्यात आहे, बेअरिंग कधी बदलले, पायाची पाहणी पाण्यात उतरून शेवटची कधी झाली. सिंहस्थाच्या कामांच्या यादीत एवढा खर्च सहज मावेल.