वर्तन-सक्रियण उपचार (कोकण किनारपट्टी)

नैराश्यावरील अल्प मुदतीची मानसोपचारपद्धती. अमेरिकेत १९७० च्या दशकात पीटर लुईनसन यांच्या मांडणीतून ती आकाराला आली. तिचे भारतीय रूप गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घडले.

मन खचले की माणूस कामे आणि माणसे टाळू लागतो. टाळल्यामुळे समाधान देणारे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचते. हे चक्र विचारांच्या बाजूने नव्हे, कृतीच्या बाजूने तोडायचे, हे या पद्धतीचे तत्त्व. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने विचार बदलण्यावर भर देणाऱ्या, ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता कृतीचा भाग संपूर्ण उपचाराच्या तोडीचा ठरला. पद्धत परदेशी जाऊ शकली त्याचे मोठे कारण हेच. तिचा गाभा लहान आहे आणि तो शिकवायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

याआधी आलेल्या पद्धतींची वाट वेगळी होती. मनोविश्लेषण गिरींद्रशेखर बोस यांच्यामार्फत आले. १९२२ मध्ये त्यांनी कलकत्त्यात संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. अविवेकी समजुती बदलण्यावर भर देणारी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी केलेल्या प्रदीर्घ पत्रव्यवहारातून मुंबईत पोहोचली. पुढे मराठी पुस्तके, व्याख्याने आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था यांमधून ती मराठी मध्यमवर्गात चांगली मुरली. मात्र या वाटेने येणारा रुग्ण बहुधा वाचणारा आणि स्वतःहून मदत मागणारा असतो. पाठ दुखते, अंग मोडून येते, झोप नाही म्हणून गावच्या केंद्रात केसपेपर काढणारी बाई तिथपर्यंत पोहोचत नाही.

गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगथ या संस्थेत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच रुग्ण समोर ठेवला. ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ या नावाने त्यांनी सहा ते आठ बैठकींचा उपचार बांधला. बैठक आठवड्याला एक, साधारण ३० ते ४० मिनिटांची. उपचार देणारे डॉक्टर नव्हेत, तर स्थानिक भाषा बोलणारे, शालेय शिक्षण पूर्ण केलेले समुपदेशक. त्यांना तीन आठवडे वर्गात प्रशिक्षण आणि नंतर सुमारे सहा महिने देखरेखीखाली उमेदवारी. १० आरोग्य केंद्रांत झालेल्या चाचणीत ४९५ प्रौढ रुग्ण होते, सगळे नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १४ पेक्षा जास्त गुण असलेले. तीन महिन्यांनी गुण १० च्या खाली आलेल्यांचे प्रमाण या उपचाराच्या गटात ६४ टक्के, तर केवळ सुधारित नेहमीच्या सेवेच्या गटात ३९ टक्के होते.

पहिल्या बैठकीत आजाराचे नाव पुढे करण्यापेक्षा ‘टेन्शन’पासून सुरुवात करणे सोयीचे. कोकणात मनाच्या आजाराचे नाव काढले की रत्नागिरीचे मनोरुग्णालय आठवते आणि घरचे पाऊल मागे घेतात. पुढे आठवडाभराची नोंद होते : कोणत्या वेळी काय केले, तेव्हा मन कसे होते. लिहिता येत नसेल तर समुपदेशक विचारून स्वतः नोंदवतो. मग कृती ठरते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. ‘फिरायला जा, मन रमव’ हा सल्ला झाला, उपचार नव्हे. कृती छोटी हवी, वेळ आणि जागा ठरलेली हवी : ‘सकाळच्या चहानंतर पाणंदीच्या टोकापर्यंत दहा मिनिटे’, ‘गुरुवारी भजनाला, निदान आरतीपर्यंत’. छंदांच्या छापील यादीतली कृती सहसा टिकत नाही. अंगण झाडणे, परसातल्या अबोलीला पाणी घालणे, बंद पडलेला बाजाराचा फेरा पुन्हा धरणे या कृती टिकतात, कारण त्या रुग्णाच्याच दिवसातून उचललेल्या असतात. ठरलेले झाले नाही तर रुग्णाला दोष न देता कृती आणखी छोटी करायची आणि आड काय आले ते पाहायचे.

घरच्यांना पहिल्याच आठवड्यात समजावणे गरजेचे. ‘आराम कर, आम्ही बघतो’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्य टाळण्यालाच खतपाणी घालते. नवरा मुंबईत चाकरमानी आणि घरात सासू असेल, तर सासूच्या संमतीशिवाय बाईचा बाहेरचा कोणताही बेत पार पडत नाही; बैठकीतले बोलणे मात्र सासूसमोर होऊ नये. देवाला गाऱ्हाणे घातले, कौल लावला, तर त्याच्याशी वाद घालू नये. देवळात जाणे हीच नोंदवहीतली कृती होऊ शकते.

वेळापत्रकही गावाचे हवे. लावणीच्या दिवसांत शेतकरी घरातल्या बैठका हमखास चुकतात, गणपतीच्या आधी दोन आठवडे कोणी येत नाही. उलट पावसाळी मासेमारी बंदीत ट्रॉलरवरचे खलाशी घरी असतात. मुद्दाम त्या महिन्यांत बैठका लावाव्यात. रिकामपण आणि दारू यांचा धोकाही तेव्हाच वाढतो.

पद्धत मरते ती बहुधा देखरेख थांबल्यावर. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकून ठरावीक मोजपट्टीवर गुण देत. हे बंद झाले की बैठकीत उपदेश वाढतो, नोंदवही मागे पडते आणि नाव तेवढे उरते. आत्महत्येच्या विचारांबद्दलचा पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न संकोचापोटी गाळला जातो, तो दर वेळी विचारलाच पाहिजे. उत्तर होकारार्थी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही द्यावा.

गोव्याबाहेर हा उपचार मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना शिकवण्यात आला. तिथे मोबाइलवरचे प्रशिक्षण आणि समोरासमोरचे प्रशिक्षण यांची तुलनाही झाली.