एसटी मिळालेली माणसं स्टँडवर दिसत नाहीत

मागच्या डिसेंबरात तापीकाठच्या एका केळीच्या मळ्यात आम्हा दहा-बारा जणांची भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती, एक जण मिरच्या भाजत होता. बोलता बोलता विषय तालुक्यातल्या एका तरुण पोरावर आला. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता, वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला होता. जाळ सारता सारता आमचे एक आप्पा म्हणाले, "जो बोलतो ना सर, तो काही करत नाही. करणारा बोलतच नसतो." दुसऱ्याच्या मते सगळं मोबाइलवरच्या कुठल्याशा गेमचं काम होतं. तिसरा 'बाहेरचं लागलं' म्हणून मोकळा झाला. वांगी भाजून व्हायच्या आत तीन निदानं झाली आणि तिन्ही चुकली.

मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. मानसोपचार हा काही माझा प्रांत नाही. पण त्याच सुमारास माझ्या एका मित्राच्या मुलानं मला फोनवर काहीतरी दाखवलं होतं. ते पाहून मला आठवला तो वर्गातला रांगेच्या गणिताचा फळा. हा लेख त्या फळ्यासाठीच लिहितोय.

आधी आप्पांचं बघू. आत्महत्येचा विचार मनात असलेली पुष्कळ माणसं आधी बोलतात, फक्त सरळ बोलत नाहीत. "माझा तुम्हाला त्रासच आहे", "आता काही उरलं नाही", "मी नसलो तर बरं होईल" अशी बोलतात. आपण ते हसण्यावारी नेतो, कारण उघड विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरवू, अशी भीती असते. ही भीती तपासून झालेली आहे. 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. ज्यांना विचारलं त्यांचा त्रास वाढला नाही, तसे विचारही वाढले नाहीत. ज्या मुलांची अवस्था आधीच नाजूक होती, त्यांना तर विचारल्यानं थोडं बरंच वाटलेलं दिसलं.

म्हणून मी मित्राच्या मुलाला सरळच विचारलं होतं. तो जळगावात खोली घेऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करत होता. दिवाळीला घरी आला तर भाऊबीजेच्या ताटावरून अर्धं जेवून उठला. संध्याकाळी त्याला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, "जीव द्यावासा वाटतो का रे कधी?" तो बराच वेळ पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो काका." आणि फोन काढला.

तो एका गटात होता. जगभरातली माणसं, कुणाचा चेहरा नाही, खरं नाव नाही. सगळे जगण्याला कंटाळलेले आणि तेच एकमेकांना सांगणारे. मला वाटलं होतं, कुणीतरी भरीला घालत असेल. पण त्याला धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच होती. तो म्हणाला, "काका, मी चार महिने वाचतोय. डॉक्टर करून झाले, गोळ्या करून झाल्या. इथं एक माणूस बरा झालेला नाही. एक पण नाही."

वाक्य खोटं नव्हतं. त्यानं पाहिलं तेच तो सांगत होता. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होता, आणि का चुकीचा ते समजायला चोपड्याच्या एसटी स्टँडवर जावं लागेल.

समजा, स्टँडवर दर तासाला शंभर माणसं येतात. त्यातल्या नव्वद जणांना जळगावला जायचंय, त्यांना दहा मिनिटांत गाडी मिळते. दहा जणांना सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर जायचंय, तिकडची गाडी मिळायला सरासरी चार तास लागतात. आता तुम्ही कुठल्याही क्षणी स्टँडवर शिरलात तर बाकांवर कोण दिसेल? जळगावचे तासाला नव्वद येतात, पण प्रत्येक जण तासाचा सहावा भागच थांबतो, म्हणून एका वेळी पंधराच असतात. पाड्याचे तासाला दहा येतात आणि चार तास थांबतात, म्हणून चाळीस असतात. एकूण पंचावन्न, त्यात चाळीस जण ताटकळलेले. म्हणजे येणाऱ्यांत ज्यांचं प्रमाण फक्त 10 टक्के, ते बघणाऱ्याला जवळजवळ 73 टक्के दिसतात. त्यांच्याशी बोलून कुणी लिहिलं की 'चोपड्याच्या स्टँडवर गाड्याच येत नाहीत', तर लिहिणारा खोटं बोलत नसेल, पण गाड्या तर सारख्या सुटतायत! ज्यांना गाडी मिळाली ते सांगायला तिथं थांबलेलेच नाहीत.

यामागचा नियम साधा आहे: एका वेळी हजर असलेली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याची सरासरी मुदत. जॉन लिटल यांनी 1961 साली तो सिद्ध केला. बँकेच्या रांगेपासून टेलिफोनच्या जाळ्यापर्यंत सगळीकडे तो चालतो, आणि येणं कसल्या नमुन्यानं होतं याची त्याला पर्वा नसते. (वर्गात इथं आल्यावर मागची दोन बाकं झोपायची. तुम्हालाही झोप आली असेल तर पुढच्या परिच्छेदातलं फक्त शेवटचं वाक्य वाचा.)

आता दहा मिनिटांच्या जागी एक महिना घाला, चार तासांच्या जागी दोन वर्षं. गुणोत्तर तेच, चोवीस पट, म्हणून उत्तरही तेच. अशा गटात वाईट दिवसांत दर सहा महिन्यांना नव्वद माणसं येतात, महिनाभरात सावरतात आणि निघून जातात. जाताना कुणी निरोपाचं भाषण करत नाही, उलट तिकडे वळूनही बघावंसं वाटत नाही. दहा माणसं दोन वर्षं तिथंच असतात. त्यांना लिहायची सवय लागते. प्रत्येक जुना माणूस नव्याच्या पाचपट लिहितो असं धरलं, तर एका वेळी हजर असलेल्या चाळीस जुन्यांचे दोनशे मजकूर आणि पंधरा नव्यांचे पंधरा, म्हणजे 93 टक्के मजकूर जुन्यांचा. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, मोजलेले नाहीत. पण दिशा कुठलेही आकडे घेतले तरी तीच राहते: जो बरा होतो तो दिसेनासा होतो.

डॉक्टरसुद्धा या फसगतीतून सुटत नाहीत. पॅट्रिशिया कोहेन आणि जेकब कोहेन या दोघांनी 1984 साली एका मनोविकार नियतकालिकात हीच गोष्ट मांडली होती. बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतात ते दीर्घकाळ रेंगाळलेले रुग्ण, म्हणून डॉक्टरांना आजार असतो त्यापेक्षा चिवट वाटू लागतो. शिकलेल्या डॉक्टरला चकवतो तो भ्रम, मग रात्री दोन वाजता एकट्यानं फोन वाचणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला तर चकवणारच.

स्टँडच्या बाहेर उभं राहून मोजलं तर काय दिसतं? स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात आलेल्यांचा पुढे माग काढणाऱ्या अनेक अभ्यासांचा आढावा 2002 साली घेतला गेला. त्यांतले सुमारे 2 टक्के एका वर्षात आत्महत्येनं गेले, नऊ वर्षांहून अधिक काळानंतर हा आकडा सुमारे 7 टक्के होता. 2 टक्के हे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत फारच मोठं आहे, म्हणून अशा माणसाकडे दुर्लक्ष करणं हा गुन्हाच आहे. पण उरलेल्यांकडेही बघा. नव्वदहून अधिक टक्के माणसं आत्महत्येनं गेली नाहीत, आणि त्यांतली कुणीही त्या पोराच्या फोनमध्ये नव्हती.

अशा माणसांची गोष्ट कानावर पडली तर फरक पडतो, हेही मोजलेलं आहे. थॉमस निडरक्रोटेन्थालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातली वर्तमानपत्रं चाळून 2010 साली अभ्यास प्रसिद्ध केला. आत्महत्येचे विचार येऊनही ज्यांनी तो काळ निभावून नेला, अशा माणसांबद्दल छापून आल्यानंतर आत्महत्या थोड्या कमी झालेल्या आढळल्या. भडक आणि तपशीलवार बातम्यांचा परिणाम उलटा होतो, हे आधीपासून माहीत होतं. या गटांत उलटा परिणाम करणारा मजकूर ढिगानं असतो आणि सुलटा परिणाम करणारा निघून गेलेला असतो.

शिवाय तिथं समोर कोण आहे, याचा भरवसा नाही. अमेरिकेतला एक माजी नर्स स्वतःला निराश तरुणी म्हणवून घ्यायचा, 'आपण दोघं सोबत जाऊ' असं समोरच्याला पटवायचा आणि स्वतः मजेत जगायचा. इंग्लंडमधल्या एका मृत्यूच्या प्रकरणात तो न्यायालयात दोषी ठरला.

आता गेमवाले बुवा. 2017 साली ब्लू व्हेल नावाच्या, मुलांना जीव द्यायला लावतो म्हणून गाजलेल्या ऑनलाइन खेळानं आपल्याकडे काय धुमाकूळ घातला होता, आठवतं? शाळांनी पालकसभा घेतल्या, वाहिन्यांनी रात्र रात्र जागवली. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की तपासलेल्या कुठल्याच घटनेत त्या खेळाचा हात सिद्ध झाला नाही. आपण एका न दिसणाऱ्या राक्षसामागे धावत होतो आणि शेजारच्या खोलीत पोरगं अर्धं जेवून उठत होतं. 'बाहेरचं लागलं'वाल्यांचंही तेच. भगताकडे नेऊन अंगारा लावण्यात महिने जातात आणि नैराश्यावरचे उपचार तेवढे लांबतात. भगताचं एकच मला पटतं: त्याच्यासमोर सगळं घर दोन तास त्या एका माणसाभोवती बसतं. तेवढं अंगाऱ्याशिवायही जमायला हरकत नाही.

बसायचं म्हणजे काय करायचं? उपदेश नको. 'तुला काय कमी आहे', 'आईबापाचा विचार कर' ही वाक्यं तर मुळीच नकोत, कारण तो तोच विचार करत असतो आणि स्वतःला ओझं ठरवत असतो. विचारायचं, ऐकायचं, त्या रात्री एकटं सोडायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे सोबत जायचं. मग संपर्क तोडायचा नाही. जेरोम मोटो नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविकारतज्ज्ञानं पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून दोन-चार ओळींची पत्रं पाठवली. बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, एवढंच. उत्तराची अपेक्षा नाही. पत्रं मिळालेल्यांत पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. आपल्याकडे पोस्टमनसुद्धा लागत नाही, "जेवनास का रे भो" एवढा मेसेज पुरतो.

शेतकरी घरासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तो टोकाचा क्षण बहुधा फार काळ टिकत नाही, तेवढ्यात हाताशी घातक काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि 1995 नंतर तिथला आत्महत्येचा दर कोसळत गेला. त्याच देशात घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, तेव्हा मात्र फरक पडला नाही. म्हणून घरात कुणाची मनःस्थिती बिघडली असेल तर फवारणीचं औषध कुलपात ठेवून निर्धास्त होऊ नका, घरातून आणि मळ्यातून दुसऱ्याकडे हलवा. कपाशीची एक फवारणी उशिरा झाली तर होऊ द्या.

'पोलीस केस होईल' म्हणून लपवालपवी करणारे अजून भेटतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 115 व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फुकट क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र सुरू आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही लावायला हरकत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तर 112. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

गच्चीवरच्या त्या संध्याकाळी मी पोराला स्टँडचं गणित सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं, एवढंच म्हणता येईल. गणितानं कुणी बरं होत नसतं. त्याच रात्री त्याच्या वडिलांनी आपली गादी त्याच्या खोलीत टाकली. दुसऱ्या दिवशी तिघं मिळून डॉक्टरकडे गेलो. पहिल्या गोळीनं गुण आला नाही, दुसरीनं महिना-दीड महिना घेतला, प्रवेशपरीक्षेचा नाद सुटला. गट त्यानं कधी सोडला, ते मला माहीत नाही. सोडताना तिथं काही लिहिलं का, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "काय लिहू काका? परत उघडलंच नाही."

परवा त्याचा फोन आला होता. वडिलांच्या दोन एकर केळीला ठिबकच्या नळ्या किती मीटर लागतील, ते विचारत होता.