मिझोरामचं राजकारण आणि वर्दीतून आलेली माणसं

माजी आयपीएस अधिकारी लालदुहोमा ८ डिसेंबर २०२३ रोजी मिझोरामचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा ‘इंदिरा गांधींच्या सुरक्षेचे माजी प्रमुख’ अशीच त्यांची ओळख सगळीकडे करून दिली गेली. पण मिझोरामच्या राजकारणात वर्दीतून आलेला माणूस नवा नाही, आणि तिथे वर्दी या शब्दाला जखमेची आठवण चिकटलेली आहे.

सुरुवात १९५९च्या माउतामपासून करावी लागते. साधारण ४८ वर्षांनी तिथला बांबू एकदम फुलतो, बिया खाऊन उंदीर माजतात आणि उभं पीक फस्त करतात. मिझो टेकड्या तेव्हा आसामचाच भाग होत्या; त्या दुष्काळात आसाम सरकारची मदत अपुरी पडली. तो संताप लालडेंगांनी संघटित केला. तेही कधीकाळी भारतीय लष्करात हवालदार होते! १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला, १ मार्च १९६६ रोजी त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ५ मार्चला ऐझॉलवर हवाई दलाच्या विमानांनी मारा केला.

खरा घाव त्यानंतर बसला. बंडखोरांची रसद तुटावी म्हणून १९६७ पासून गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वस्त्यांत कोंबली गेली. पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्यायचं. मागे राहिलेली घरं आणि धान्य जाळलं जायचं. नव्या वस्तीला कुंपण, रोजची हजेरी, रात्रीची संचारबंदी. एक अख्खी पिढी त्या कुंपणाआड वाढली.

म्हणूनच ब्रिगेडियर थेनफुंगा सैलो मला फार मोठे वाटतात. दुसऱ्या महायुद्धात लढलेला हा अधिकारी १९७४ मध्ये निवृत्त होऊन परतला आणि त्याने थेट मानवी हक्क समिती काढली. सैनिकांकडून झालेल्या अत्याचारांच्या तक्रारी त्यांनी दिल्लीपर्यंत नेल्या. ज्या फौजेत उमेदीची वर्षं घालवली, तिच्याच चुका बोलून दाखवायला छाती लागते. त्यांना बंडखोर म्हणून झटकून टाकणंही कुणाला सोपं नव्हतं. १९७५ मध्ये त्यांनी पीपल्स कॉन्फरन्स हा पक्ष काढला, १९७८ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९७९ ते १९८४ या काळात पुन्हा त्यांनीच राज्य चालवलं.

लालदुहोमा त्यांच्या पुढच्या पिढीतले. १९७७ मध्ये आयपीएस, मग गोव्यात तस्करांविरुद्धची कारवाई, १९८२ मध्ये दिल्ली. १९८४ मध्ये नोकरी सोडून ते काँग्रेसचे खासदार झाले. जून १९८६ मध्ये केंद्र सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट यांच्यात मिझो शांतता करार झाला, फेब्रुवारी १९८७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. लालदुहोमांची वाट मात्र खडतरच राहिली. १९८८ मध्ये पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेले ते देशातले पहिले खासदार. २०२० मध्ये त्याच कायद्याने त्यांची आमदारकीही गेली. पुढच्याच वर्षी सेरछिपची पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत परतले.

२०२३ मध्ये त्यांच्या झोरम पीपल्स मूव्हमेंटने ४० पैकी २७ जागा घेतल्या. पायउतार झालेले मुख्यमंत्री होते झोरामथांगा, लालडेंगांचे जंगलातले जुने सहकारी.