दुःखाने मधुमेह की मधुमेहाने दुःख?

रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली दिसली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टेन्शन घेतलंस ना?" दुसरा त्याहून ठरलेला: "मग चोरून गोड खाल्लं असशील." दोन्हींत दोष पेशंटचाच. ही खोड फार जुनी आहे.

मधुमेह कोणाला होतो ते सांगताना चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'त्यक्तव्यायामचिन्तानाम्' असा शब्द येतो. ज्यांनी व्यायाम सोडला आणि चिंताही सोडली, त्यांना. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने नेमकं उलट लिहिलं. पेशंटची लघवी मधासारखी गोड लागते, अशी नोंद करणारा हाच तो (हो, चाखून!). त्याने रोगाचं एक कारण दीर्घ दुःख हे धरलं. चिंता करा, न करा, सुटका नाहीच.

१९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातली मुलं जगू लागली. पण जगायचं म्हणजे रोज सुई, मोजून जेवण आणि लघवीची तपासणी. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली आच. निळंच राहिलं तर लघवीत साखर नाही, सुटलो. हिरवं, पिवळं होत विटकरी झालं, तर कालच्या जेवणाचा पंचनामा सुरू. मानसोपचारवाले तेव्हा 'मधुमेही स्वभाव' शोधत होते. असा काही साचा नंतर सिद्ध झाला नाही.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी नावाच्या अभ्यासाने दाखवलं, की टाइप १ मध्ये (म्हणजे शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्या मधुमेहात) साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा वाचतात. बातमी चांगलीच, पण त्यासाठी दिवसाला तीन-चार इंजेक्शनं आणि चार वेळा बोट टोचणं आलं. दोनच वर्षांनी बोस्टनच्या जोसलिन केंद्रातल्या विल्यम पोलॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची यादी काढली. पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, पुढच्या गुंतागुंतीची धास्ती वाटते का, या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का. आजार रोज सांभाळण्याच्या या शिणाला इंग्रजीत 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. हे डिप्रेशन नव्हे. डिप्रेशन वेगळं, आणि मधुमेहींत त्याची शक्यता साधारण दुप्पट असल्याचं २००१ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. दोन्हींची नियमित विचारपूस करा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१६ मध्ये डॉक्टरांना सांगितलं.

त्या यादीतले दोन-तीन प्रश्न मी वडिलांना विचारले. म्हणाले, "सुईचं काही नाही रे. पंगतीत जिलबी आली की सगळे माझ्या ताटाकडे बघतात, त्याचं होतं."