कटर ब्लॉक: सरळ पात्यांपासून ‘हेलिकल’पर्यंत

जॉइंटर किंवा थिकनेसर, म्हणजे फळी सपाट करणारं किंवा सारख्या जाडीची रंधणारं यंत्र, घेताना हल्ली मोटरच्या आधी विचारलं जातं ते ‘कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता दंड) हेलिकल आहे का?’ हेच. पण हा शब्द इतका सैल झालाय की हो म्हणणाऱ्यालाही त्यातून नेमकं काय मिळतंय ते ठाऊक असेलच असं नाही.

फिरत्या दंडावर पाती आणि फळी पुढे ढकलणारे रोलर ही जोडी १८२८च्या एका अमेरिकन पेटंटमुळे गाजली. ते पेटंट १८५६पर्यंत चाललं, कोर्टकज्जेही चिकार झाले. त्या काळातले ब्लॉक चौकोनी असत. चौकोनाची सपाट बाजू टेबलाच्या ओठासमोर आली की मोठी फट पडे आणि बोट त्यात गेलं की गेलंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल ब्लॉक आला तो मुख्यतः हात वाचवायला. लाकूड त्याने फार वेगळं कापलं असं नाही.

पुढे हायस्पीड स्टीलच्या सरळ पात्यांनी अनेक दशकं राज्य केलं. त्यांची डोकेदुखी एकच, ती म्हणजे बसवणी. मिनिटाला ५००० फेऱ्या, तीन पाती आणि मिनिटाला ६ मीटर फीड (फळी पुढे सरकण्याचा वेग) असेल तर पात्यांच्या दोन खुणांमध्ये ०.४ मिमी अंतर पडायला हवं. पण एखादं पातं केसभर वर राहिलं तर शेवटचा हात त्याचाच लागतो आणि अंतर होतं १.२ मिमी. फळी उजेडात तिरकी धरली की आडव्या लाटा दिसतात त्या याच. फिरण्याच्या जोरानेच घट्ट बसणारी, उलटवून वापरायची पाती आली तेव्हा हा वैताग बराच कमी झाला. त्यांना मिळायला हवं होतं तेवढं श्रेय कधी मिळालं नाही, असं मला वाटतं.

आता त्या शब्दाकडे. आधी पिळदार ब्लॉकवर सलग पातंच वाकवून बसवत. काप सुरेख यायचा, पण धार लावायला खास सोय लागायची. कार्बाइड या कठीण धातुमिश्रणाचे चौकोनी, चार धारांचे इन्सर्ट (सुटे छोटे कापणारे तुकडे) आल्यावर तो त्रास संपला आणि घोळ सुरू झाला. इन्सर्टच्या ओळी पिळात मांडल्या, तरी प्रत्येक धार दंडाला समांतर असू शकते. अशी धार लाकडावर सरळच आदळते. फक्त तुकड्यातुकड्याने, म्हणून आवाज कमी. याला बरेच जण ‘स्पायरल’ म्हणतात. धार स्वतःच तिरकी असेल तरच तिरका काप मिळतो आणि खरं ‘हेलिकल’ तेच. जाहिरातीत मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, आणि पैसे तर त्या तिरकेपणाचेच मोजायचे असतात.

या तिरकेपणाची किंमतही आहे. गोल ब्लॉकवर सरळ धार तिरकी बसवली की तिचे कोपरे मध्यापेक्षा बाहेर येतात. म्हणून धारेला किंचित बाक देतात. त्या बाकामुळे फळीवर लांबीच्या दिशेने उथळ पन्हळी उमटतात. बोटाला त्या जेमतेम लागतात, पण पॉलिशपेपर न मारता स्टेन चढवला की लगेच उघड्या पडतात.

‘चार ओळी म्हणजे चार पाती’ हा हिशोबही फसवा. ओळी एकमेकींच्या फटी भरतात. एकाच रेघेवरून फेरीला दोनच इन्सर्ट जात असतील तर वरच्याच वेगात खुणांचं अंतर ०.६ मिमी पडतं, म्हणजे नीट बसवलेल्या तीन पात्यांपेक्षा जास्त. तरीही उलटसुलट नसेच्या लाकडात इन्सर्टच जिंकतात, कारण छोट्या छोट्या ढलप्या निघतात आणि लाकूड उचकटत नाही. लहान मोटरवर रुंद फळी असेल तर मात्र घाव कमी खोल घ्यावा लागतो. मऊ, सरळ नसेच्या लाकडावर ताजी धार लावलेलं स्टीलचं पातं मला आजही उजवं वाटतं.

धार गेली की इन्सर्ट ९० अंशांत फिरवायचा, एवढंच सांगितलं जातं. खालची बैठक पुसायची राहून जाते. तिथे डिंकाचा कण राहिला तर तो एकच इन्सर्ट वर उचलला जातो आणि फळीभर रेघ ओढत जातो.